कमरेची सोबत

हत्याराला नाव दिल्याशिवाय आपल्या लोकांना चैन पडत नाही. माणसांना नावे ठेवण्यात आपण पटाईत आहोतच. पण हत्यारांना मात्र आपण प्रेमाने नाव देतो. शिवछत्रपतींच्या तलवारींचा विषय निघाला की भवानी, तुळजा, जगदंबा ही नावे चौथीतले पोरही घडाघडा सांगते. तोफा तर घरच्या वडीलधाऱ्यांसारख्या नावानिशी ओळखल्या जातात. जंजिऱ्यावर कलाल बांगडी आणि लांडा कासम, विजापुरास मुलूख मैदान. एवढी हौस असलेल्या ह्या भाषेने पिस्तुलाला मात्र एक नाव दिले नाही. पिस्तूल हा शब्दच परक्या मुलखातून आलेला, त्यात घालायचे काडतूस पोर्तुगिजांकडून आलेले, आणि रिव्हॉल्व्हर तर आजही इंग्रजीच नेसून वावरते.

पण नाव नसले तरी नंबर असतो. लष्करातल्या प्रत्येक हत्यारावर नंबर असतो, आणि ज्याच्या हाती ते दिले त्याला तो पाठ लागतो. शहापूरहून मुरबाडकडे जाताना भातसा नदीवर आमचे सापगाव लागते. ह्या गावात आणि आसपासच्या वाड्यापाड्यांत लष्करातून निवृत्त होऊन आलेली मंडळी आहेत. त्यांना स्वतःच्या लग्नाची तारीख विचारा. घरात वळून बायकोला विचारतील. मुलांच्या जन्मसालाबद्दल दोनतीन वर्षे इकडेतिकडे करतील. पण कमरेला जे हत्यार होते त्याचा नंबर विचारा, डोळा लवायच्या आत उत्तर येते. चाळीस-पन्नास वर्षे ज्याला हात लागला नाही, त्याचा नंबर! हे काय गौडबंगाल आहे, ते शोधावे म्हणून मी ह्या हत्याराच्या इतिहासात शिरलो.

हे हत्यार म्हणजे मुख्यतः वेब्ली. इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरी वेब्ली नावाचा बंदुका घडवणारा कारखाना होता. त्याचे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश फौजेने १८८७ साली पत्करले. त्याच्या एकामागून एक सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या, आणि पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, सहावी आवृत्ती आली. तीच सर्वांत नावाजलेली. नळी सहा इंच, गोळी .४५५ इंचाची, वजन किलोभराहून थोडे अधिक. म्हणजे शेरभर तांदूळ दिवसभर एका कुशीला बांधून हिंडण्यासारखेच की!

ह्याची खुबी मोडण्यात होती. घोड्याजवळची कळ अंगठ्याने दाबली की नळी बिजागरीवर पुढे झुकते, आणि झुकता झुकता आतला एक तारा वर उचलला जाऊन सहाच्या सहा रिकामी टरफले बाहेर फेकली जातात. हाताने वेचून काढायला नको. अंधारात, चिखलात, थंडीने बोटे वाकलेली असताना ही सोय काय मोलाची, ते ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. आमच्याकडच्या एका वृद्ध फौजीने हे मला गवळ्याच्या म्हशीचा दाखला देऊन समजावले होते. दिवाळी अंकात तो दाखला छापणे बरे दिसणार नाही. पण नळी मिटताना होणारा आवाज त्याने जिभेने टाळूवर काढून दाखवला, आणि लगेच पुन्हा काढला. दुसऱ्यांदा तो मला दाखवण्यासाठी नव्हता.

हे कमरेला कुणाच्या, हा खरा प्रश्न. पलटणीतल्या साध्या शिपायाच्या नव्हे. शिपायाची रायफल, आणि साहेबाचे रिव्हॉल्व्हर. पहिल्या महायुद्धात सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात उतरली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ ह्या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. टायग्रिसच्या काठी कुत शहरात ही डिव्हिजन १४७ दिवस वेढ्यात अडकली, घोडी मारून खाण्याची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरण जावे लागले. त्या साऱ्या उपासमारीत आपल्या देशावरचे, कोकणातले गडी रायफली घेऊन खंदकात होते. रिव्हॉल्व्हर बाळगणारे जवळजवळ सारे गोरे. आपल्या माणसाला बादशाही कमिशन मिळून अधिकारी होता येऊ लागले ते महायुद्ध सरत आल्यावर, तेही चमच्याने औषध पाजावे तसे. शंकरराव थोरातांसारखा कोल्हापूरकडचा तरुण सँडहर्स्टहून शिकून १९२६ साली अधिकारी झाला, त्या काळी अशी मराठी नावे बोटांवर मोजण्याइतकीच होती. डेहराडूनची अकादमी निघाली ती १९३२ साली.

फौजेबाहेर तर विचारायलाच नको. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगायची बंदी केली आणि गोऱ्यांना तीतून मोकळे ठेवले. तेव्हापासून खेड्यातल्या माणसाला पिस्तूल दिसे ते फक्त साहेबाच्या पट्ट्याला. दौऱ्यावर साहेब आला की पाटील आधी त्याच्या कमरेकडे पाही आणि मग तोंडाकडे.

आमच्या ह्या मुलखाला पिस्तुलाची दुसरीही ओळख आहे. कसारा घाट चढला की पलीकडे नाशिक. तेथे २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे ह्या कोवळ्या विद्यार्थ्याने गोळ्या झाडल्या. त्याच्या हातचे पिस्तूल ब्राउनिंग जातीचे. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन ह्याच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे ह्या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. नाशिकहून ठाण्याला येणारा लोहमार्ग आमच्या आसनगाववरूनच जातो. ज्या हत्याराला हात लावायची बंदी, ते मिळवण्यासाठी पोरांनी गळ्यात दोर घेतला. मग त्या हत्याराभोवती लोकांच्या मनात काय काय साठले असेल!

आणि सिद्धगड तर मुरबाड तालुक्यातलाच. विजेचे मनोरे पाडून सरकारला सळो की पळो करणारे माथेरानचे वकील भाई कोतवाल आणि त्यांचा सहकारी हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी त्या डोंगराच्या अंगाखांद्यावर पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्याच सुमारास मराठा पलटणी त्याच सरकारच्या निशाणाखाली समुद्रापार लढत होत्या. ह्या दोन गोष्टी एका दमात सांगताना आमच्याकडचे जुने लोक थोडे अडखळत. कुणाला दोष द्यावा असे त्यात काही नाही. पोटासाठी पलटणीत गेलेला भाऊ आणि देशासाठी रानात गेलेला भाऊ एकाच पंगतीला बसून वाढले होते.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर पिस्तुलानेच लढाया जिंकल्या असे बालवाचकांना वाटेल. सिनेमात तसे दाखवतात खरे. पण माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे पाहा. इटलीत १० जुलै १९४४ रोजी त्यांच्या तुकडीतले सारे जण मेले वा जखमी झाले. ते एकटेच मशीनगनवर धावून गेले. बाँब टाकून तोफखोऱ्याला गप्प केले, टॉमीगन रिकामी झाली तेव्हा नवे मॅगझिन चढवायलाही उसंत नव्हती, म्हणून तीच उलटी धरून उरलेल्या दोघांना लोळवले, आणि मग शत्रूच्या गोळीने स्वतः पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एवढ्या मोठ्या शौर्यात पिस्तूल कुठेच नाही. खरे सांगायचे तर पंचवीस पावलांपलीकडे ह्या हत्याराचा नेम देवाच्या हवाली. ज्यांनी ते वर्षानुवर्षे बाळगले त्यांतल्या बहुतेकांनी ते चांदमारीच्या मैदानाबाहेर एकदाही झाडलेले नसते.

मग एवढे प्रेम कशाचे?

ह्याचे उत्तर मला एका मशीनगनवाल्याने दिले. वय ऐंशीच्या पुढे, महार रेजिमेंटचा शिपाई, १९६० च्या सुमारास भरती झालेला. त्याची गोष्ट कळायला थोडे मागे जावे लागेल. मुंबई इलाख्याच्या फौजेत महारांची भरती कंपनी सरकारच्या काळापासून होती. पण एकोणिसावे शतक सरता सरता, ‘लढवय्या जाती’ नावाचे एक खूळ लष्करी साहेबांच्या डोक्यात शिरले आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली त्यांनाच भरतीची दारे लावण्यात आली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी केला. १९१७ साली महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १११ महार ही पलटण उभी राहिली. गरज सरताच १९२१ साली मोडली. डॉक्टर बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार फौजेतले. ही सल त्या घराला परकी नव्हती. १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. १९४६ साली तिला मशीनगनची रेजिमेंट करण्यात आले.

आता मशीनगन म्हणजे व्हिकर्स. नळीभोवती पाण्याचे पिंप, अडीचशे गोळ्यांचा पट्टा, आणि खाली लोखंडी तिवई. पहिल्या नंबरच्या गड्याने वीस-बावीस किलोंची तिवई उचलायची, दुसऱ्याने गन. दोन्ही हात आणि पाठ अशी गुंतल्यावर रायफल कुठे लटकवणार? म्हणून मशीनगनच्या जुन्या रिवाजाप्रमाणे पहिल्या-दुसऱ्या गड्याला रायफल नसून कमरेला रिव्हॉल्व्हर असे. म्हणजे साहेबाच्या पट्ट्यावरची वस्तू एका साध्या शिपायाच्या पट्ट्यावर आली, ती तिवईच्या ओझ्यामुळे!

तो म्हातारा म्हणाला, “मास्तर, माझ्या आज्याला गावात पायात वहाण घालून वरच्या आळीतून जाता येत नव्हतं. आणि मी कोतातून सही करून रिव्हॉल्व्हर घेत होतो. कोतवाला सहा गोळ्या माझ्या हातावर मोजायचा. एक, दोन, तीन... संध्याकाळी मी त्याच्या हातावर मोजायचो. कुणी विचारलं नाही तू कोण. नंबर विचारायचे.”

कोत म्हणजे पलटणीचे शस्त्रागार. मला वाटते, सारी मेख ह्या मोजणीत आहे. रायफल सगळ्यांपाशी असते. रिव्हॉल्व्हर ठरावीक माणसांवर सोपवलेले असते. ते लहान, चोरीला सोपे, हरवायला सोपे. हरवले तर कोर्टमार्शलपर्यंत मजल. म्हणून मुठीच्या बुडाला एक कडी, कडीत दोरी, आणि दोरीचे दुसरे टोक अंगावर. जेवताना, नदी ओलांडताना, प्रातर्विधीला जाताना सुद्धा ती दोरी सुटत नाही. झोपताना तर उशाखालीच. घरी रजेवर आल्यावर पहिले आठ दिवस रात्री झोपेत हात कमरेकडे जाई आणि काही न सापडल्यामुळे दचकून जाग येई, असे आमच्या मशीनगनवाल्याच्या बायकोनेच सांगितले. “मला वाटायचं मला शोधताहेत,” ती म्हणाली. म्हातारा ह्यावर काही बोलला नाही. चहा पीत राहिला.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच, १९३२ साली, जड वेब्लीच्या जागी .३८ इंचाचे हलके एन्फील्ड रिव्हॉल्व्हर सरकारने आणले होते. त्यात एक मजेदार फरक पुढे १९३८ साली झाला. रणगाड्यात चढताउतरताना रिव्हॉल्व्हरच्या घोड्याचे टोक कशातही अडकायचे. म्हणून ते टोकच कापून टाकले. रणगाड्यातल्या जवानाचे हत्यार रिव्हॉल्व्हरच, कारण त्या लोखंडी खोलीत रायफल फिरणार कशी? १९६५ सालच्या सप्टेंबरात सियालकोटच्या बाजूला फिलौरा आणि बुतूर डोग्रांडीच्या मैदानांत पूना हॉर्सचे सेंच्युरियन रणगाडे घेऊन लढले ते लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर. दंडाला जखम झाली असता मागे जायला नकार देऊन ते पुढेच राहिले आणि १६ सप्टेंबरला कामी आले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. त्यांचे घराणे ज्या तारापूरचे नाव लावते ते आमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातले. २०१४ साली जिल्हा फोडला तेव्हा पालघरकडे गेले. पूना हॉर्स हे नाव १८१७ पासूनचे, पेशवाईच्या अखेरच्या वर्षांतले. नाव पुण्याचे आणि रक्त सांडले सियालकोटात.

वेब्ली-एन्फील्डच्या मागून आले ब्राउनिंग. जॉन ब्राउनिंग हा अमेरिकन कारागीर. कान्हेऱ्यांच्या हातातले पिस्तूलही त्याच्याच बुद्धीचे अपत्य. हा गृहस्थ १९२६ साली बेल्जममधल्या कारखान्यात काम करता करताच वारला. त्याचे अर्धे राहिलेले पिस्तूल द्यूदोने सेव्ह ह्याने पुरे केले आणि १९३५ साली ते बाहेर आले. दुसऱ्या महायुद्धात टोरोंटोच्या इंग्लिस नावाच्या कारखान्यात ते बनू लागले. तोच नमुना पुढे आपल्या ईशापूरच्या रायफल कारखान्याने उचलला. गोळी नऊ मिलिमीटरची, आणि एका मॅगझिनमध्ये तेरा! सहाच्या जागी तेरा म्हणजे दुपटीहून एक जास्त. गोळ्या खडकीच्या. १८६९ पासून तेथे दारूगोळ्याचा कारखाना आहे, आणि काडतुसाच्या बुडाशी त्याची ‘के. एफ.’ ही अक्षरे ठोकलेली असतात.

सापगावच्या पारावर ह्या दोन हत्यारांचा खटला अजून निकाली निघालेला नाही. मशीनगनवाल्याच्या समोर उभा राहतो तो मिलिटरी पोलिसातला एक लाल टोपीवाला, वयाने दहा-बारा वर्षांनी लहान आणि आवाजाने दुप्पट. त्याचे सारे आयुष्य ब्राउनिंगसोबत गेले. तेरा गोळ्यांचा हिशेब तो प्रत्येक वेळी मांडतो. त्यावर मशीनगनवाला म्हणतो, “सहात जमलं नाही त्याला तेरा कशाला? बाराव्याला द्यायला?” ब्राउनिंगचा घोडा मागे येताना अंगठा आणि तर्जनी ह्यांच्यामधली कातडी चिमटीत धरतो; लाल टोपीवाल्याच्या उजव्या हाताला तो वळ आहे. तो दाखवताना त्याचा चेहरा असा होतो, की एखाद्याने लहानपणी म्हशीने मारलेले शिंग दाखवावे. शिवाय ह्या पिस्तुलाचा एक हट्ट आहे: मॅगझिन काढून घेतले की चाप ओढून काही होत नाही. आतली गोळी आतच राहते. वेब्लीवाल्याला हे कुंकवाला टेकलेले वाटते. “मालकाने हुकूम दिला तरी ऐकत नाही ते हत्यार कसलं?” आणि लाल टोपीवाला म्हणतो, “मालकच चुकला तर?” हा वाद ऐकताना मला मात्र वाटते, दोघेही हत्याराबद्दल बोलत नाहीत. एक जण हाताखालच्या इमानाबद्दल बोलतो आहे, दुसरा हाताच्या बेइमानीबद्दल. मिलिटरी पोलिसाने आपल्याच माणसांचे काय काय पाहिले असेल, ते तो सांगत नाही.

निवृत्तीच्या दिवशी हत्यार घरी येत नाही. ट्रंक येते, कांबळे येते, पदके येतात, पेन्शनचे पुस्तक येते. ते मात्र कोतात राहते. दोघांनाही मी तो दिवस विचारला. लाल टोपीवाल्याने हसण्यावारी नेले. मशीनगनवाला म्हणाला, त्या दिवशी त्याने ते नेहमीपेक्षा जास्त घासले. चिंदी नळीतून इतक्या वेळा फिरवली की कोतवाला चिडला, “अरे, उद्या दुसऱ्याला द्यायचंय, झिजवतोस काय?” मग सहा गोळ्या त्याच्या हातावर मोजल्या, वहीत सही केली. वहीत पुढच्याच ओळीत नव्या पोराचे नाव आधीच लिहिलेले होते. “त्याचा नंबर त्याला पाठ करायला सांगितला?” मी विचारले. “सांगावं लागत नाही, मास्तर.”

आता त्याचा एक पणतू आहे, पाच वर्षांचा. गेल्या दिवाळीत त्याला टिकल्यांचे पिस्तूल घेऊन दिले. पोराने पहिल्याच झटक्याला ते आजीवर रोखले. म्हाताऱ्याने झटकन उठून त्याची नळी जमिनीकडे वळवली. त्या वयात तो एवढ्या झटक्याने उठू शकतो हे घरात कुणाला माहीत नव्हते. रागावला नाही. माणसावर कधी रोखायचे नाही, बोट चापाबाहेर ठेवायचे, हे दोनदा सांगितले. मग टिकल्यांची डबी आपल्यापाशी घेतली आणि रोज सकाळी पोराच्या हातावर मोजून टिकल्या देऊ लागला. दिवेलागणीला पोर येऊन उरलेल्या टिकल्या परत मोजून देई आणि पिस्तूल ट्रंकेत ठेवी. भाऊबीजेपर्यंत हा प्रकार चालला. एके संध्याकाळी दोन टिकल्या कमी भरल्या, तेव्हा आजोबा आणि पणतू कंदील घेऊन अंगणात शोधत होते. आई आतून हाका मारीत होती, फराळ थंड होतोय म्हणून. एक रांगोळीच्या कडेला सापडली, दुसरीसाठी दोघेही अजून वाकलेले होते.